मधल्याची मान

निवडणुकीचा निकाल तोंडावर आला, कुठे दोन गटांत दगडफेक झाली किंवा एखाद्या बड्या नेत्याचं निधन झालं, की आपल्याकडे एक ठरलेला प्रकार होतो. सोसायटीचा, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, भजनी मंडळाचा, झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकाच साच्यातला मजकूर येऊन पडतो. पोलिसांच्या सूचनेनुसार ग्रुप दोन दिवस बंद, फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतील, सहकार्य करावे. मग ग्रुप मुका होतो. उकडीच्या मोदकाची पारी का फुटते यावरची चर्चा अर्ध्यावर राहते. पाण्याचा टँकर किती वाजता येणार हे विचारता येत नाही. कुणाच्या घरी दहाव्याची वेळ बदलली तर ती कळवायला ॲडमिनला फोन करावा लागतो.

हे कुणी केलं? पोलिसांनी म्हणावं, तर त्यांनी फार तर एवढंच सांगितलेलं असतं की आक्षेपार्ह मजकूर आला तर ॲडमिनला जबाबदार धरू. मोदकांवर पोलिसांचा काही राग नाही. ॲडमिनने केलं म्हणावं, तर तोही कुणाचं तोंड बंद करायला निघालेला नसतो. त्याला सेन्सॉर म्हणून पाहा, तो दुखावेल, आणि त्याचं दुखावणं खोटं नसेल. त्याचा हिशेब सरळ आहे. दोनशे माणसांतलं कोण कधी काय टाकेल हे त्याच्या हातात नाही, पण जे पडेल त्याचं उत्तर त्याला द्यायचं आहे. ग्रुप बंद ठेवला म्हणून त्याला कुणी ठाण्यात बोलावणार नाही. उघडा ठेवला तर बोलावतील. एवढं कळायला कायद्याचं पुस्तक वाचावं लागत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अशाच एका ॲडमिनचं प्रकरण आलं होतं. गोंदिया जिल्ह्यातलं. ग्रुपमधल्या एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल गलिच्छ भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, म्हणून गुन्हा ॲडमिनवरही दाखल झाला. मार्च 2021 मध्ये न्यायालयाने ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनला माणूस आत घेता येतो आणि बाहेर काढता येतो, इतकाच त्याचा अधिकार. मेसेज पडण्याआधी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही. तेव्हा संगनमत दाखवता येत नसेल तर दुसऱ्याच्या बोलण्याची शिक्षा त्याला देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल चांगला आहे. ग्रुप मात्र अजून बंद होतात.

इंटरनेटवरच्या लढ्यांबद्दल आपण वाचतो तेव्हा ती तीन वेगळी आंदोलनं वाटतात. सरकारने पाळत ठेवू नये म्हणणारे एक, सेन्सॉरशिपविरुद्ध उभे राहणारे दुसरे, आणि कॉपीराइटच्या नावाखाली चाललेली धरपकड नको म्हणणारे तिसरे. हे तिसरे जरा बदनामच, कारण त्यांच्यात फुकट सिनेमा बघणारेही मिसळलेले असतात. या तिघांचे झेंडे एकाच मोर्चात का दिसतात, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. एका निर्मात्याचा सिनेमा चोरीला जातो आणि एका कार्यकर्त्याच्या फोनवर पाळत बसते, यांचा एकमेकांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो त्या ॲडमिनमधून जातो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या मध्ये जो उभा आहे त्याला, मधून काय गेलं याबद्दल जबाबदार धरलं, की त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. सरसकट अडवायचं, नाहीतर प्रत्येक गोष्ट उघडून पाहायची. पहिल्या रस्त्याने गेला की ती सेन्सॉरशिप होते, दुसऱ्याने गेला की पाळत. त्याला जबाबदार धरण्याचं कारण काय होतं, अब्रू, देशाची सुरक्षा की सिनेमाची चोरी, याने पुढे काही फरक पडत नाही.

पाहिलं तर आपल्याकडे हे अगदी सुरुवातीपासून असंच चाललं आहे. सप्टेंबर 2003 मध्ये मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी जोडलेला याहूवरचा ‘किन्हुन’ नावाचा एक छोटा गट बंद करण्याचा आदेश केंद्राने काढला. नेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी याहूवरचे सगळेच गट बंद केले. जुलै 2006 मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर काही मोजकी पानं बंद करायला सांगण्यात आलं, तर अख्खं ब्लॉगस्पॉट गेलं. डिसेंबर 2014 मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून बत्तीस पत्ते अडवले गेले. त्यांत गिटहब होतं, व्हिमिओ होतं, इंटरनेट अर्काइव्हही होतं. गिटहबवर जगभरचे प्रोग्रामर आपलं काम ठेवतात. नववर्षाच्या तोंडावर पुण्या-बेंगळुरूतल्या कित्येकांना कळेना की आपला कोड एकाएकी राष्ट्राला घातक कसा झाला. 

दर वेळी काही दिवसांत कुलूप निघालं. दर वेळी चूक कारकुनी होती असंच सगळ्यांना वाटलं. एवढी वर्षं एकच चूक, आणि तीही कायम एकाच बाजूला झुकणारी, होत राहिली तर तिला चूक म्हणण्यात अर्थ नाही. आदेशापेक्षा कमी बंद केलं म्हणून ओरडा झाल्याचं उदाहरण शोधायला जावं तर ते सहजी सापडत नाही.

2012 चं प्रकरण जरा जवळून पाहू. ‘कोलावेरी डी’ या गाण्याने देश वेडा केला होता, ते गाणं ज्यात होतं तो ‘थ्री’ नावाचा तमिळ सिनेमा मार्चअखेर लागला. त्याची चोरटी नक्कल नेटवर फिरू नये म्हणून मद्रास उच्च न्यायालयाकडून आदेश घेण्यात आला. अशा आदेशाला ‘जॉन डो’ म्हणतात. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसतं, म्हणून नाव-गाव नसलेल्या कुणीएकाविरुद्ध मनाई मिळते. तोच आदेश हातात धरून कंपन्यांकडे जायचं. मे महिन्यात देशभर लोकांना व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन, पायरेट बे, काहीच उघडेना. पडद्यावर एक ओळ यायची, आणि एका मोठ्या कंपनीच्या त्या ओळीचा मासला तर जपून ठेवण्यासारखा होता. हे संकेतस्थळ पुढील सूचनेपर्यंत बंद आहे, एकतर न्यायालयाच्या आदेशावरून किंवा दूरसंचार विभागाच्या निर्देशावरून. कोणतं न्यायालय, कोणता खटला, कोणती तारीख, दाद कुठे मागायची, यातलं काही नाही. न्यायालय की सरकार एवढंही ठरवून सांगितलेलं नाही. रेशनच्या दुकानावरची ‘आज माल आला नाही’ ही पाटीसुद्धा याहून जास्त माहिती देते.

9 जूनला मुंबईसह अनेक शहरांत तरुण मुलं रस्त्यावर आली, चेहऱ्यावर गाय फॉक्सचे मुखवटे लावून. ‘अनॉनिमस’ या निनावी हॅकर गटाचं नाव तोवर जगभर झालेलं होतं. या मुखवट्याची एक गंमत आहे. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या सिनेमामुळे तो प्रसिद्ध झाला, आणि त्या रूपाचे हक्क हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सकडे. म्हणजे कॉपीराइटच्या जाचाविरुद्ध घोषणा देणाऱ्याने अस्सल मुखवटा विकत घेतला असेल तर त्याची रॉयल्टी कुठे गेली ते सांगायला नको. रस्त्यावरच्या मुलांनी बहुधा कागदाचे छापून घेतले होते, ते योग्यच. त्या आंदोलनात सरकारी आणि पक्षाच्या संकेतस्थळांवर हल्लेही झाले. ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाहीत. दुसऱ्याचं दार बंद पाडून आपलं दार उघडा म्हणायचं, यात युक्तिवाद कुठे आहे? कुलूप निघालं ते वेगळ्याच वाटेने. नेट कंपन्यांच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने जूनमध्ये खुलासा केला की मनाई चोरटा सिनेमा जिथे आहे त्या नेमक्या पानापुरती होती, अख्ख्या संकेतस्थळासाठी नव्हे.

मग कंपन्यांनी अख्खं संकेतस्थळ का बंद केलं? इथे यंत्र कसं चालतं ते पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपण फोनवर एखादं नाव टाइप करतो तेव्हा फोन आधी नेट कंपनीच्या एका यंत्राला विचारतो, या नावाचा पत्ता काय? ते यंत्र आकड्यांतला पत्ता सांगतं, मग फोन तिकडे जातो. अडवण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे या यंत्राला खोटं बोलायला लावायचं. नाव विचारलं की चुकीचा पत्ता द्यायचा. पण या यंत्राला फक्त संकेतस्थळाचं नाव कळतं, आतलं पान कळत नाही. त्यामुळे या मार्गाने गेलं की एका पानापायी लाखो पानं जातात. नेमकं तेवढंच पान अडवायचं असेल तर प्रत्येक ग्राहकाची प्रत्येक मागणी मध्येच थांबवून, उघडून, वाचून, मग सोडावी लागते. त्याला महागडी यंत्रं लागतात, आणि ती एकदा बसवली की कंपनीकडे कोण काय वाचतंय याची नोंदवहीच तयार होते. पुढे बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर गेली, म्हणजे मजकूर बंद पाकिटात जाऊ लागला. आता मधल्या कंपनीला पाकिटावरचं नाव तेवढं दिसतं, आतलं पान दिसतच नाही. नेमकं पान अडवायचं तर पाकीट फोडता आलं पाहिजे.

कॉपीराइटवाला म्हणतो, माझा फक्त एक सिनेमा रोखा, बाकीच्यांशी मला कर्तव्य नाही. मागणी रास्त वाटते. पण ही मागणी जितकी नेमकी, तितकं मधल्याला आत डोकवावं लागणार. आणि आत डोकावू नका म्हटलं तर तो सरसकट अडवणार. मोर्चातले ते तीन झेंडे एकत्र का, याचं उत्तर मला इथे मिळालं.

अमेरिकेत त्याच वर्षी, जानेवारीत, हाच वाद पेटला होता. ‘सोपा’ आणि ‘पिपा’ अशी दोन विधेयकं तिथल्या संसदेत होती. परदेशी चोरट्या संकेतस्थळांवर थेट हात चालत नाही, म्हणून अमेरिकेतल्या मधल्यांना धरायचं, असा त्यांचा गाभा. पत्ता सांगणाऱ्यांनी पत्ता सांगायचा नाही, शोधून देणाऱ्यांनी शोधून द्यायचं नाही, जाहिराती आणि पैसे पोचवणाऱ्यांनी हात आखडते घ्यायचे. 18 जानेवारी 2012 ला इंग्रजी विकिपीडियाने चोवीस तास स्वतःवर काळा पडदा ओढला. गुगलने आपल्या नावावर काळी पट्टी मारली आणि सत्तर लाख सह्या गोळा केल्या. दोनच दिवसांत विधेयकं बासनात गेली.

त्या दिवसाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, जी किंमत एरवी कुणालाच दिसत नाही ती त्या दिवशी सगळ्यांना एकदम दिसली. एखादं पान न उघडणं ही बातमी होत नाही, कारण ते वाचायला आलेल्याला वाटतं आपलंच नेट गेलंय. शाळकरी मुलांचे गृहपाठ अडले तेव्हा ती बातमी झाली. दुसरी गोष्ट जरा अडचणीची. त्या आंदोलनात मधलेच पुढे होते, आणि गुगल काही ॲडमिनसारखा बिचारा नव्हे. त्याच्याकडे वकिलांच्या फौजा आहेत आणि आपल्या प्रत्येक शोधाची नोंदही आहे. जनतेचा लढा आणि कंपनीचा नफा त्या दिवशी एका दिशेने वाहत होते, म्हणून प्रवाहाला इतका जोर आला. उद्या दिशा बदलली तर? युरोपातलं, नक्कल रोखण्यासाठीच्या ‘ॲक्टा’ कराराविरुद्धचं आंदोलन मला त्या मानाने जास्त अस्सल वाटतं. जानेवारीच्या कडाक्यात पोलंडची पोरं रस्त्यावर उतरली, तिथल्या संसदेत काही सदस्यांनीही ते मुखवटे तोंडासमोर धरले, आणि 4 जुलै 2012 ला युरोपीय संसदेने 478 विरुद्ध 39 मतांनी करार फेटाळला. तिथे कुठल्या मोठ्या कंपनीने काळा पडदा ओढलेला नव्हता.

आपल्याकडे परत येऊ. आपल्या कायद्यात मधल्याची मान पहिल्यांदा पकडली गेली ती डिसेंबर 2004 मध्ये. बाझी डॉट कॉम ही वस्तूंच्या खरेदी-विक्रीची मुंबईची कंपनी. कुणा विद्यार्थ्याने तिच्यावर एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. कंपनीने ती काढली, तरी मुख्य अधिकारी अवनीश बजाज यांना, चौकशीला सहकार्य करायला दिल्लीला गेलेले असताना, अटक झाली. त्यावरून एवढी चर्चा झाली की माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 मध्ये दुरुस्ती करून कलम 79 नव्याने लिहिलं गेलं. मधल्याला बेकायदा मजकुराची जाणीव झाल्यावर त्याने तो काढला, तर त्याला संरक्षण. वाचायला छान. घोळ त्या जाणिवेपाशी आहे. जाणीव झाली असं कधी धरायचं? 2011 च्या नियमांनी सांगितलं, कुणीही तक्रार केली की छत्तीस तासांत हालचाल करा.

कुणीही म्हणजे खरंच कुणीही. बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने त्याच वर्षी एक प्रयोग करून पाहिला. मुद्दाम सदोष, टिकू नयेत अशा तक्रारी लिहून सात मधल्यांकडे पाठवल्या. सातांपैकी सहा जणांनी मागितलं त्यापेक्षा जास्तच काढून टाकलं. एके ठिकाणी बातमीखालच्या एका प्रतिक्रियेबद्दल तक्रार होती, तर आजूबाजूच्या प्रतिक्रियाही साफ झाल्या. ज्यांचं लिखाण गेलं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि कायद्यानेही त्यांना विचारायला सांगितलेलं नव्हतं. मला हा प्रयोग त्या काळातल्या सगळ्या मुखवट्यांपेक्षा आणि घोषणांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याने कुणावर सेन्सॉरशिपचा आरोप केला नाही. भीती कशी काम करते ते फक्त मोजून दाखवलं.

आणि मुंबईत त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते प्रत्यक्ष घडलं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण होतं. त्या आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांनी भ्रष्टाचारविरोधी चित्रांचं संकेतस्थळ चालवलं होतं. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेकडे तक्रार गेली, आणि ज्या कंपनीकडे त्या नावाची नोंदणी होती तिने संकेतस्थळ बंद करून टाकलं. ना खटला, ना सुनावणी. पुढे सप्टेंबर 2012 मध्ये त्रिवेदींना राजद्रोहाखाली अटक झाली. ती बातमी देशभर गाजली, कारण अटकेला चेहरा असतो. संकेतस्थळ बंद झालं तेव्हा एवढा गाजावाजा झाला नव्हता.

चेहरा असण्याचा हा मुद्दा पालघरलाही लागू आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एका तरुणीने चार वाक्यं लिहिली, दुसरीने ती पसंत केली, आणि दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द झालं. हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच निकालपत्रातला दुसरा भाग मात्र कुणी पेढे वाटून साजरा केला नाही. न्यायालय म्हणालं, कलम 79 मधली जाणीव म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना. एरवी लाखो तक्रारींतली कुठली खरी, कुठली खोटी, याचा न्याय गुगल-फेसबुकसारख्यांना करत बसावा लागेल. कलम 66अ गेल्याने बोलणाऱ्याची मान सुटली. या दुसऱ्या भागाने मधल्याची थोडी सैल झाली. माझ्या मते दोन्हींत दुसरं मोठं, कारण धमकावायला पोलिसांकडे इतर कलमं होतीच.

निकालाला सहा महिने होत नाहीत तोच त्याची परीक्षा झाली. 31 जुलै 2015 ला सरकारने 857 अश्लील संकेतस्थळं बंद करायला सांगितलं. त्या यादीत विनोदाचं एक बऱ्यापैकी सभ्य संकेतस्थळही होतं. ओरड झाली तशी चार दिवसांत सरकार म्हणालं, ठीक, लहान मुलांचं अश्लील चित्रण नसेल ती उघडा. यावर नेट कंपन्यांच्या संघटनेने दिलेलं उत्तर मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. ते म्हणाले, कुठल्या संकेतस्थळावर काय आहे हे तपासायची आमच्याकडे सोय नाही, तेव्हा नेमका आदेश येईपर्यंत सगळीच बंद ठेवतो. अडवायला सांगितलं तेव्हा तपासायची सोय लागली नव्हती. उघडायला सांगितल्यावर लागली.

कॉपीराइटवाल्याची तक्रार खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मराठीत पुस्तक काढणाऱ्या कुणालाही विचारा. हजाराची आवृत्ती संपायला वर्षं जातात आणि त्याच पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर ‘वाचनसंस्कृती वाढावी म्हणून’ अशा सद्भावनेसह फिरत असते. लेखकाला त्यातलं काही मिळत नाही. सिनेमाची गत याहून वाईट, कारण तिथे पहिल्या तीन दिवसांतच सगळा खेळ असतो. या माणसाला ‘माहिती मुक्त असली पाहिजे’ असं व्याख्यान देणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ आहे, आणि आंदोलनातल्या काहींनी ते मीठ मुबलक चोळलं.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या पेचातून काढलेली वाट म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुलै 2016 मध्ये ‘ढिशूम’ सिनेमाच्या निर्मात्यांनी नेहमीसारखा जॉन डो आदेश मागितला. न्यायमूर्तींनी अख्खी संकेतस्थळं बंद करायला नकार दिला. प्रत्येक दुवा आधी बाहेरच्या संस्थेने तपासायचा, मग वकिलांनी पाहायचा, आणि मग त्याची जबाबदारी घेऊन शपथपत्र करायचं, असं सांगितलं. तेवढं केल्यावर निवडक दुवे रोखायला परवानगी दिली. शिवाय बंद पानावर जी पाटी दिसेल तिच्यावर आदेशाचा तपशील हवा आणि चुकून अडवलं गेलेल्याने दाद कुठे मागायची तेही हवं. त्या ऑगस्टमध्ये अशा पाट्यांवर नुसतं ‘पाहणं’ हाही तुरुंगवासाचा गुन्हा असल्याचं छापलं गेलं आणि देशभर घबराट उडाली, तेव्हा नुसतं पाहणं हा गुन्हा नाही हेही त्यांनीच स्पष्ट केलं. या आदेशाची खुबी अशी की तक्रारीचा भार तक्रारदाराच्या खांद्यावर परत आला. ज्याला अडवून हवंय त्याने कष्ट घ्यावेत, खोटं निघालं तर शपथेवर खोटं ठरावं. मधल्याला न्यायाधीश व्हावं लागू नये. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2017 मध्ये, मद्रासहून हिंदी सिनेमांसाठी 2,650 संकेतस्थळांची यादी आली आणि तिच्यात पुन्हा इंटरनेट अर्काइव्ह होतं, ही गोष्ट वेगळी.

आता दुसरा रस्ता, उघडून पाहण्याचा. या रस्त्यावर आंदोलन फार अवघड आहे, कारण अडवलेलं पान निदान दिसतं. पाहिलं गेलेलं पाकीट तसंच्या तसं हातात येतं. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोनवर पाळत ठेवण्याचे तीन आदेश रद्द केले आणि नोंदी नष्ट करायला सांगितलं. त्याला कळलं ते कसं? तर त्याच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला आणि ते ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून पुढे आलं. ज्यांच्याविरुद्ध काहीच निघत नाही त्यांना आयुष्यात कधी कळणार नाही. मोर्चा काढायचा तर कुणी काढायचा?

इथेही सरकार स्वतः फार कमी पाहतं. पाहायला, लिहून ठेवायला मधल्याला लावतं. एप्रिल 2022 मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने फर्मावलं की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, वापराचं कारण पाच वर्षं जपून ठेवावं. व्हीपीएन लोक घेतातच मुळी कुणी नोंद ठेवू नये म्हणून. काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले आणि निघून गेल्या. 2021 च्या नियमांनी व्हॉट्सॲपसारख्यांना सांगितलं की एखादा मेसेज पहिल्यांदा कुणी टाकला ते शोधून देता आलं पाहिजे. अफवा कुणी सोडली हे कळावं, हा हेतू समजण्यासारखा आहे. अफवेवरून जमावाने केलेलं राईनपाड्यासारखं हत्याकांड ज्या राज्यात 2018 मध्ये घडलं तिथे अफवेला हसण्यावारी नेता येत नाही. पण पहिला कोण हे उद्या सांगता यायचं तर आज प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजची खूण ठेवावी लागेल, दोषीची आणि मोदकवाल्याचीही. एप्रिल 2024 मध्ये व्हॉट्सॲपच्या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं की मेसेजवरचं कुलूप तोडायला लावलंत तर आम्हाला देश सोडावा लागेल.

अलीकडचा प्रकार आणखी तलम आहे, त्यात आदेशच नसतो. एप्रिल 2023 मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. सरकारच्या कारभाराबद्दलचा एखादा मजकूर खोटा आहे, असं सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने जाहीर केलं, की मधल्याने तो ठेवू नये यासाठी प्रयत्न करावा. ठेवलाच तर कलम 79 चं संरक्षण जाण्याची जोखीम त्याची. विनोदकार कुणाल कामरा आणि संपादकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारचं म्हणणं साधं होतं. आम्ही काढा म्हणतच नाही, ठेवायचा असेल तर ठेवा, पुढे खटला झाला तर आपली बाजू मांडा. जानेवारी 2024 मध्ये खंडपीठात मतभेद झाला, आणि 20 सप्टेंबरला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. विनोद आपला आहे, पण तो ज्या जागेवर ऐकवायचा ती जागा दुसऱ्याची आहे, आणि त्या दुसऱ्याला माझ्यासाठी न्यायालयात जायचं काही कारण नाही. कामरांच्या तक्रारीचं मर्म मला असं समजलं.

तो निकाल लागला त्याच्या पुढच्याच महिन्यात गृहमंत्रालयाचं ‘सहयोग’ नावाचं पोर्टल सुरू झालं. त्यावरून सरकारी यंत्रणा मधल्यांना कलम 79 खाली थेट सूचना पाठवतात. एक्स कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि 24 सप्टेंबर 2025 ला ते फेटाळलं गेलं. एक्सकडे निदान वरच्या न्यायालयात जायला पैसे आहेत, आणि न जाण्याची लाज वाटावी इतकं नाव आहे. नाशिकला किंवा फोंड्याला दोन खोल्यांत चार सर्व्हर लावून स्थानिक वर्तमानपत्रांची संकेतस्थळं सांभाळणाऱ्याकडे यातलं काहीच नाही. महिन्याला काहीशे रुपये देणाऱ्या एका गिऱ्हाइकापायी तो वकील लावेल, असं त्या गिऱ्हाइकालाही वाटत नाही.